करमाडच्या यादीतली चतुराबाई

शहागंजात लसूण-आलं विकणाऱ्या बायकांत चतुराबाईच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. गिऱ्हाईकानं लसणाची गड्डी हातात घेऊन नुसती खाली ठेवली तरी ही त्याला लांबून परत बोलवायची आणि विचारायची, "का ओ, काय खोट निघाली तिच्यात?" खोट सांगत बसण्यापेक्षा गड्डी विकत घेतलेली बरी, असं बहुतेकांना वाटायचं. अशी बाई कशाला घाबरते, हे कुणाला सांगितलं असतं तर हसले असते लोक. पण अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तिचा नवरा बद्रीनाथ वारला आणि तेरावं होऊन पुरता महिना उलटायच्या आत कोर्टाची नोटीस घरी आली. त्यानंतर लोक गड्ड्या उचलत, ठेवत, निघून जात, आणि ही नुसती बघत बसायची.

नोटीस पाठवली होती बद्रीनाथच्या धाकट्या भावानं, नानासाहेबानं. बद्रीनाथ मोंढ्यात मापाडी होता. जन्मभर दुसऱ्यांचं धान्य मापलं, स्वतःसाठी दोन खोल्या बांधल्या आणि गेला. मूलबाळ नव्हतं. नानासाहेबाचं म्हणणं असं, की मयत बद्रीनाथचं कायद्यानं लग्नच झालेलं नाही. सदर स्त्री ही करमाडच्या सांडू नावाच्या इसमाची बायको असून मयताकडे राहत होती. सबब वारस आपण एकटे. ज्या माणसानं सत्तावीस वर्षं "वहिनी, वहिनी" करत तिच्या हातचं पिठलं चापलं, त्यानं एका कागदात तिची 'सदर स्त्री' करून टाकली. माणसाला लाज नसली की कागद फार सोपा जातो.

ती नोटीस घेऊन ती कमरोद्दीन वकिलांकडे गेली. त्यांची बसायची जागा शहागंजातच, घड्याळाच्या दुकानावरच्या माडीवर. गेली वीस वर्षं त्यांच्या घरचं आलं-लसूण हिच्याकडूनच जायचं.

"वकीलसाहेब, 'राहत होती' म्हंजी काय?"

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाई, साफ सांगतो, बुरा मत मानो. म्हणजे ठेवलेली."

 चतुराबाई खाली येऊन आपल्या टोपल्याजवळ बसली आणि संध्याकाळपर्यंत लसूण सोलत राहिली. घर जाईल याची भीती होतीच. पण वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आपल्याला कुणी तसली बाई ठरवील आणि त्यावर सरकारचा शिक्का बसेल, ही भीती त्याहून मोठी होती.

आता सांडूचं प्रकरण. ती पिशोरची लेक. सतराव्या वर्षी करमाडला दिली. दोन वर्षांत पोर झालं नाही, म्हणून सांडूनं तिला सोडलं. त्यांच्या समाजात तेव्हा सोडायची रीत सरळ होती. पाच पंच पारावर बसायचे, नवरा गवताची वाळकी काडी हातात घ्यायचा, सगळ्यांसमोर मोडायचा आणि म्हणायचा, आजपासून हिचा माझा संबंध तुटला. झाली काडीमोड. बाई मोकळी, पुरुष मोकळा. ना कागद, ना अंगठा. एकोणसत्तर साली विडा लावायला लागतो त्याहून कमी वेळात चतुराबाईचा पहिला संसार मोडला. दोन वर्षं ती पिशोरला भावाच्या घरी राहिली. मग बद्रीनाथ आला, तिच्याशी रीतसर पाट लावला, आणि तिला शहरात घेऊन गेला. त्या पाटाच्या जेवणात नानासाहेब होता. दोनदा वाढून घेतलं होतं त्यानं.

कमरोद्दीन वकिलांनी तिला धीर दिला. "कायदा काडीमोड मानतो. समाजाची जुनी रीत असली तर ती कोर्टाच्या तलाकइतकीच पक्की. फक्त एवढंच, की ती झाली हे साबित करावं लागतं. पंच कोण होते?"

चतुराबाईनं पाच नावं सांगितली. वकिलांनी माणूस पाठवून चौकशी केली. पाचही जण केव्हाच देवाघरी गेले होते.

पुढच्या तारखेला तर पायाखालची वाळूच सरकली. नानासाहेबाच्या वकिलानं करमाडच्या रेशनकार्डाचा उतारा आणि मतदारयाद्या कोर्टात दाखल केल्या. ऐंशीची यादी, पंच्याऐंशीची, पंच्याण्णवची. प्रत्येकीत एकच ओळ: चतुराबाई भ्र. सांडू. 'भ्र.' म्हणजे भ्रतार, हे तिलाही कळत होतं. नुसतं नाव असतं तरी एक वेळ चाललं असतं. नावापुढं मतदान केल्याची खूणही होती. शिवाय रेशनकार्डावर दर महिन्याला साखर उचललेली. वकील हसत म्हणाला, "बाई करमाडला नांदतायत, साखर खातायत, मत देतायत. काडीमोड झाली कधी?"

"मी एकोणसत्तरपासनं करमाडची शीव वलांडली नाय, साहेब," ती जिन्यात कमरोद्दीन वकिलांना म्हणाली. 

"मानलं. मग ही दुसरी चतुराबाई कोण?"

ती कोण, हे चतुराबाईला त्याच क्षणी समजलं. सांडूनं काडीमोडीनंतर महिन्याभरात दुसरी केली होती. तिचं नाव दगडाबाई. तीस वर्षांत चतुराबाईनं ते नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. काढायची वेळ आलीच तर 'ती करमाडची' एवढंच म्हणायची, आणि म्हणताना तोंड असं करायची की ऐकणारानं पुढं विचारू नये.

पुढच्या सोमवारी ती जालन्याच्या एस.टी.त बसली. करमाड येईपर्यंत तिनं मनातल्या मनात शिव्यांची उजळणी केली. तीस वर्षांच्या साठवलेल्या होत्या, कमी पडायचं कारण नव्हतं. गावात शिरताना मात्र डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत खाली आला. कुणी ओळखलं तर काय म्हणावं, हे तिनं ठरवलं नव्हतं. कुणीच ओळखलं नाही. त्याचंही तिला जरा वाईट वाटलं.

दारात आलेली बाई बघून ती गडबडली. तिच्या कल्पनेतली दगडाबाई गोरीपान, उंच, ठसकेबाज होती. ही बारकीशी, पुढचा दात पडलेली, उंबऱ्यावर पाय देताना गुडघा धरणारी. हात पिठाचे.

"कोन हाय?"

"चतुराबाई."

दगडाबाई अशी चमकली, जणू कुणी तिचंच नाव सांगत दारात उभं राहिलंय. आणि तसंच तर होतं.

आत खाटेवर सांडू पडला होता. दोन वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला होता, उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. त्यानं चतुराबाईकडे पाहिलं. ओळखलं की नाही, देव जाणे. डोळ्यांच्या कडेला पाणी होतं, पण ते दिवसभरच असतं, असं दगडाबाई म्हणाली. एस.टी.त घोकलेल्या शिव्या खाटेवरच्या माणसाला देता येण्यासारख्या नव्हत्या. चतुराबाई भिंतीला टेकून बसली आणि तिनं कोर्टाचं सगळं सांगितलं.

दगडाबाई परातीकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, "अक्का, तुमचं नाव मी घेतलं नाय. ह्यांनीच ऱ्हाऊ दिलं. म्हनले, कार्डावर बायकू लिवलीया ना? घरात बी बायकू हाय. मंग कचेरीच्या चकरा कशाला? पुढं मताची यादी आली, तिच्यात बी तेच. लोकं म्हनायचे, चतुराबाई, अंगठा लाव. मी लावायची."

"तीस वर्सं?"

"तीस वर्सं. पयल्या-पयल्यांदी लई वंगाळ वाटायचं. मंग काय वाटंना."

चतुराबाईला हसावं की हिचे केस धरावेत ते समजेना. ज्या घरातून तिला हाकललं, त्या घरात तिचं नाव मात्र सुखानं नांदत होतं, आणि आता तेच नाव तिला दुसऱ्या घरातून हाकलायला निघालं होतं.

"काडी मोडली ते सांगनारं कोनी ऱ्हायलं नाय," ती म्हणाली. "पाची पंच गेले."

"मी हाय की."

"तू?"

"मी तिथंच व्हते." दगडाबाईनं पिठाचा हात लुगड्याला पुसला. "माजा बाप म्हनला, काडी मोडल्याली डोळ्यानं बघंन तवाच पोरगी देईन. मागनं झेंगाट नको. मला बी संगट आणलं व्हतं. पाराच्या मागं बसून बघत व्हते. तुमच्या अंगावर हिरवं लुगडं व्हतं. तुमी रडला नाय, अक्का. मला वाटलं, ही बाई लई घट हाय."

 त्या दिवशी पंचांखेरीज आपलं तोंड कुणी पाहिलं नाही, एवढ्याच समाधानावर चतुराबाईनं तो दिवस काढला होता. आणि एक सोळा वर्षांची पोर पाराआडून सगळं बघत होती, आपली पाळी यायची वाट बघत.

"कोर्टात येऊन सांगशील?"

 दगडाबाईनं परात उगाच इकडून तिकडे सरकवली. "पोरं नगं म्हनतील. दुसरीच्या नावानं सरकारी साखर खाल्ली, मतं टाकली. बोलले तर जेलात घालतील."

"मी वकीलसायबाला इचारते."

"बघते," दगडाबाई म्हणाली.

आपल्याकडे 'बघते' या शब्दात होकारापासून नकारापर्यंत सगळं बसतं. चतुराबाई तो शब्द घेऊन परत आली आणि पुढचे चार महिने त्याला उलटसुलट करत राहिली.

वकिलांनी खोटं बोलून धीर दिला नाही. "गुन्हा म्हणता येईल," ते म्हणाले. "कोणी इतक्या जुन्या गोष्टीच्या मागे लागेल असं वाटत नाही. पण मी लिहून देऊ शकत नाही." हाच निरोप त्यांनी करमाडला पाठवला, जसाच्या तसा. चतुराबाईला राग आला; थोडं गोड करून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मग रात्रभर विचार करून तिला वाटलं, बरं केलं. फसवून आणलेली साक्ष आपल्याला पचली नसती.

तरी कोर्टाकडून दगडाबाईच्या नावानं समन्स निघालं. पंधरा दिवसांत ते परत आलं. पाठीमागे शेरा होता: या नावाची व्यक्ती सदर पत्त्यावर राहत नाही.

कमरोद्दीन वकील आधी हसले, मग त्यांचं हसू विरलं. "पोरांनी कार्ड दाखवलं असणार. कागदावर त्या घरात दगडाबाई नाहीच. आता तिच्यापर्यंत कोर्टाचा हात पोचत नाही, बाई. तारीख मी निरोपानं कळवतो. ती आली तर आपल्या मर्जीनं येईल. नाही आली तर तिला कोणी काही म्हणू शकत नाही."

म्हणजे सगळं त्या बारक्या बाईच्या मर्जीवर. चतुराबाईनं मनाशी जागा बदलून पाहिली. आपण करमाडच्या घरात असतो, पोरं नको म्हणत असती, नवरा खाटेवर असता, आणि दारात ही येऊन उभी राहिली असती, तर आपण गेलो असतो का? खरं उत्तर आलं ते तिला आवडलं नाही. नसतो गेलो.

तारखेच्या दिवशी ती सकाळपासून अदालत रोडवरच्या कोर्टात येऊन बसली. गेटातून येणारी प्रत्येक म्हातारी तिनं पाहिली. अकरा वाजले, बारा वाजले. समोरच्या बाकावर नानासाहेब नवीन धोतर नेसून बसला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. सत्तावीस वर्षांचं पिठलं आठवत असावं. दुपारी साडेबाराला शिपाई बाहेर आला आणि त्यानं पुकारा केला.

"चतुराबाईऽऽ! चतुराबाई हाजिर हाय का?"

चतुराबाई गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली. तेवढ्यात जिन्याकडून आवाज आला, "हाय, हाय, आले!"

दगडाबाई धापा टाकत पायऱ्या चढत होती. शिपायानं दोघींकडे पाहिलं. "अहो, चतुराबाई कोण तुमच्यात?"

दगडाबाईनं जीभ चावली. सगळ्या व्हरांड्यासमोर तिचं तोंड उतरलं. "ह्या," ती चतुराबाईकडे बोट करून म्हणाली. "मी नाय. मला नुसती सवय हाय."

साक्ष झाली. काडी कुणी मोडली, कुठं मोडली, मोडणारा काय म्हणाला, कोण बसलं होतं, सगळं तिनं सांगितलं. आवाज लहान होता, जज्जसाहेबांनी दोनदा मोठ्यानं बोलायला सांगितलं. मग नानासाहेबाचा वकील उठला.

"म्हणजे तुम्ही तीस वर्षं सरकारशी खोटं बोललात?"

"व्हय."

"दुसरीच्या नावानं साखर घेतली, मत दिलं?"

"व्हय."

"मग आज खरं बोलताय कशावरून?"

चतुराबाईनं डोळे मिटून घेतले. झालं, आता संपलं, असं तिला वाटलं.

"तवा खोटं बोलले त्यात साखर मिळत व्हती, साहेब," दगडाबाई म्हणाली. "आज खरं बोलून काय मिळायचंय? पोरं घरात घेत्याल का नाय ते बी ठावं नाय."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. वकिलाला ते झोंबलं. "या बाईसाठी एवढं करायला तुमचं आणि तिचं नातं काय?"

दगडाबाईनं वळून चतुराबाईकडे पाहिलं. मग कठड्याला दोन्ही हातांनी धरलं.

"नातं कसलं? तिची काडी मोडली म्हणून माजं लगीन लागलं. पाच पोरं झाली. तुमी म्हनता काडी मोडलीच नाय. मंग ती बद्रीनाथाची बायकू नसंल, तर मी बी सांडूची नाय. मंग मी तीस वर्सं त्या घरात कोन व्हते, ते बी लिवून द्या."

जज्जसाहेबांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होते.

चतुराबाई बाहेर आली. बोलायचं खूप होतं. नळाचं पाणी तांब्यात भरून तिनं दगडाबाईपुढे धरलं आणि म्हणाली, "पोरांनी घेतलं नाय घरात, तर सरळ शहागंजात ये." तीस वर्षांत तिच्या तोंडून त्या बाईसाठी निघालेला हा पहिला बरा शब्द. दगडाबाई पाणी प्यायली, "बघते" म्हणाली, आणि करमाडच्या गाडीकडे निघून गेली.

निकाल लागायला आणखी दोन वर्षं गेली. जज्ज बदलले, तारखा पडल्या, नानासाहेबाच्या वकिलाचा एकदा पाय मोडला. दर तारखेआधी दोन दिवस चतुराबाईला जेवण जात नसे. करमाडला कुणी शिपाई गेला का, याचीही तिला धास्ती असे. तो गेला नाही. पोरांनी महिनाभर तोंड फिरवलं आणि मग भाकरी मागायला लागली, असा निरोप आला.

निकालाच्या दिवशी दगडाबाई न सांगता आली. कपाळ मोकळं होतं. सांडू पौषात गेला होता. दोघी व्हरांड्यात एका बाकावर बसल्या. कमरोद्दीन वकील कागद घेऊन बाहेर आले ते हसतच.

"एकोणसत्तरची काडीमोड साबित. पाट कायदेशीर. नानासाहेबांचा दावा खारीज."

"काय लिवलंय ते वाचा," चतुराबाई म्हणाली. "माज्याबद्दल काय लिवलंय तेवढं."

वकिलांनी बोट ठेवून वाचलं. "चतुराबाई ही मयत बद्रीनाथ याची कायदेशीर विधवा आहे."

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. चतुराबाईनं पदर तोंडाशी नेला, पण तो तिथं पोहोचायच्या आत हंबरडा फुटला. बद्रीनाथचं नाव घेऊन ती रडायला लागली, मयताच्या घरी रडतात तशी, जमिनीवर हात आपटत. पक्षकार थबकून बघायला लागले. ही हरली, असंच सगळ्यांना वाटलं.

वकील गोंधळून खाली वाकले. "अहो बाई, आपण जिंकलो. समजलं ना?"

"समजलं, साहेब." तिला बोलता येत नव्हतं. "तीन वर्सं झाली त्याला जाऊन. मला रडताच आलं नाय. रडले असते तर लोकं म्हनले असते, ही कोन लागती रडनार?"

दगडाबाई बाकावरून उतरून तिच्याजवळ जमिनीवर बसली. तिनं चतुराबाईचे डोळे पुसले नाहीत की गप्प राहा म्हटलं नाही. करमाडची दोनची गाडी निघून गेली तरी ती तिथंच बसून होती.